फुटबॉलची जखम समजून बसले आणि नखाखालचा कॅन्सर वाढत राहिला: बॉब मार्ली ३६ व्या वर्षी कसा गेला?

गोव्यात कळंगुट किंवा हणजुण्याच्या किनाऱ्यावर टीशर्टच्या दुकानांत एक चेहरा हमखास लटकलेला असतो. लांबलचक जटा, हसरे डोळे आणि मागं लाल, पिवळा, हिरवा पट्टा. ज्यानं आयुष्यात रेगेचं एक गाणं धड ऐकलेलं नसतं त्यालाही हे नाव माहिती असतं. बॉब मार्ली.

पण हा गडी गेला कशानं, असं विचारा. दहा जण दहा उत्तरं देतील. कुणी म्हणेल गांजा ओढून ओढून फुफ्फुसं गेली. कुणी म्हणेल फुटबॉल खेळताना पायाला लागलं, जखम चिघळली आणि तिचा कॅन्सर झाला. एखादा जास्त व्हिडिओ बघणारा असेल तर तो थेट सीआयएचं नाव घेईल. आणि ज्याला थोडंफार माहिती आहे तो सांगेल की डॉक्टरांनी पायाचा अंगठा कापायला सांगितला होता, यानं धर्माचं कारण देऊन नकार दिला आणि जिवाला मुकला.

शेवटच्या उत्तरात तथ्य आहे. पण ती अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी आहे ती निदानाची. मार्लीला झालेला आजार त्वचेच्या कॅन्सरमधला एक दुर्मीळ प्रकार होता, त्याचं नाव ॲक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा. हा आजार अशा ठिकाणी होतो जिथं कुणी कॅन्सर शोधायला जात नाही.

सुरुवातीपासून बघू.

६ फेब्रुवारी १९४५. जमैकातल्या सेंट ॲन परगण्यात नाईन माईल नावाचं डोंगरातलं छोटं खेडं. तिथं १८ वर्षांच्या सेडेला माल्कमला मुलगा झाला. बाप नॉर्व्हल मार्ली, गोरा आणि साठीच्या घरातला. लग्न झालं होतं, पण नॉर्व्हल संसारात कधी रमलाच नाही. मुलाला त्यानं मोजून काही वेळा पाहिलं असेल. १९५५ मध्ये तो वारला तेव्हा बॉब दहा वर्षांचा होता.

बाप गोरा, आई काळी. त्यामुळं गावात हा पोरगा धड इकडचा नाही आणि धड तिकडचा नाही. पुढं त्याच्या गाण्यांत आफ्रिकेकडं परतायची जी ओढ दिसते, तिचं मूळ अनेक अभ्यासक याच बालपणात शोधतात. पण ही रंगाची गोष्ट आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा, ती पुढं आजारातही येणार आहे.

१९५७ च्या सुमारास सेडेला पोराला घेऊन राजधानी किंग्स्टनला आली. राहायला ट्रेंचटाऊन. पत्र्याची घरं, उघडी गटारं, गुंडांच्या टोळ्या, आणि संध्याकाळी गल्लीत फुटबॉल. बॉबनं शाळा सोडली आणि वेल्डिंगच्या दुकानात उमेदवारी धरली. तिथं डोळ्यात लोखंडाचा कण गेला, ते दुखणं निस्तरता निस्तरता त्यानं वेल्डिंगला रामराम ठोकला आणि गाण्यात पूर्ण वेळ घुसला. १९६२ मध्ये पहिलं गाणं रेकॉर्ड झालं. पुढच्याच वर्षी बनी लिव्हिंगस्टन आणि पीटर टॉश या दोस्तांबरोबर वेलर्स हा ग्रुप उभा राहिला.

नंतरची दहा वर्षं धडपडीची. १९६६ मध्ये रिटाशी लग्न केलं आणि लगेच आईकडं अमेरिकेतल्या डेलावेअरला गेला, का तर पैसे नव्हते. जगाला शांततेची गाणी ऐकवणाऱ्या या माणसानं तिथं क्रायस्लरच्या मोटार कारखान्यात काम केलंय.

त्याच वर्षी इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी जमैकाला आला. जमैकातले रास्ताफारी पंथाचे लोक त्याला देव मानत. परतल्यावर बॉबही या पंथात पूर्ण रमला. रास्ता लोक केस कापत नाहीत, त्याच्या जटा होतात. बहुतेक जण मांस, निदान डुकराचं मांस तरी खात नाहीत. गांजाला ते प्रसादासारखं पवित्र मानतात. आता गंमत बघा, जमैकात गांजा नेला तो भारतातून गेलेल्या गिरमिटिया मजुरांनी. १८४५ पासून हे मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर झाडही गेलं, शब्दही गेला. जमैकात आजही त्याला गांजाच म्हणतात.

या पंथाची आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची बाब वेगळी आहे. देवानं दिलेलं शरीर अखंड ठेवायचं, त्याला पातं लावायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. बायबलमध्ये नाझीर व्रत घेणाऱ्यांनी केसांना वस्तरा लावू नये असं सांगितलंय, तिथून हे आलंय. मरणाबद्दल बोलणंही अनेक रास्ता टाळतात.

१९७३ मध्ये लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सनं वेलर्सचा अल्बम काढला आणि रेगे जमैकाच्या बाहेर पडलं. १९७५ पर्यंत मार्ली इंग्लंडमध्ये स्टार झाला होता. जमैकात तर तो स्टारच्या पलीकडं गेला होता. तिथं दोन पक्षांच्या टोळ्यांचं रस्त्यावर रक्त सांडत होतं आणि दोघांनाही मार्ली आपल्या बाजूला हवा होता. ३ डिसेंबर १९७६ च्या रात्री किंग्स्टनच्या होप रोडवरच्या त्याच्या घरात बंदूकधारी शिरले. रिटाच्या डोक्याला गोळी चाटून गेली, मॅनेजर डॉन टेलरला कितीतरी गोळ्या लागल्या, बॉबच्या छातीला घासून गोळी हातात शिरली. दोन दिवसांनी मोफत कॉन्सर्ट ठरली होती. गडी पट्टी बांधून स्टेजवर गेला आणि गायला. मग मात्र त्यानं देश सोडला. आधी बहामा, तिथून लंडन.

लंडनमध्ये १९७७ च्या पहिल्या सहामाहीत एक्झोडस अल्बम तयार झाला. टाइम मासिकानं १९९९ मध्ये शतकातला सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडला तो हाच. म्हणजे करिअरचा सगळ्यात वरचा टप्पा सुरू होता, आणि नेमका याच महिन्यांत अंगठा दुखायला लागला.

मार्लीला फुटबॉलचं वेड होतं. दौऱ्यावर जाईल तिथं बँडवाले, मित्र, पत्रकार, जो सापडेल त्याला धरून मॅच लावायची. मे १९७७ मध्ये पॅरिसला फ्रेंच पत्रकारांबरोबर अशीच एक मॅच झाली. त्यात कुणाचा तरी बूट त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला आणि नख उखडलं. काही चरित्रांत त्याच अंगठ्याला त्याआधी दोनेक वर्षांपूर्वीही लागल्याचा उल्लेख आहे. तेव्हापासून नख पूर्ण बरं झालंच नव्हतं.

पण खेळणाऱ्या माणसाचं नख काळं पडणं यात विशेष काय? आपल्याकडंही क्रिकेट खेळताना यॉर्कर बसला, दाराखाली बोट सापडलं की नख काळंनिळं होतं. हळद लावायची, आठवडाभर लंगडायचं आणि विसरून जायचं. मार्लीनंही तेच केलं. पट्टी बांधली आणि दौरा चालू ठेवला. स्टेजवर तो लंगडत नाचला, पण नाचला.

जखम भरेना. जुलैपर्यंत दुखणं इतकं वाढलं की लंडनमध्ये डॉक्टरांना दाखवावं लागलं. तिथं तपासणी झाली आणि निदान आलं: मेलॅनोमा. त्वचेच्या कॅन्सरमधला सगळ्यात धोकादायक प्रकार.

आता इथं थांबून हा आजार समजून घ्यायला हवा, कारण सगळा घोळ इथंच आहे.

आपल्या त्वचेत मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात. जास्त मेलॅनिन म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून जास्त संरक्षण. म्हणूनच उन्हामुळं होणारा मेलॅनोमा ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत जास्त आणि आपल्याकडं फार कमी दिसतो. यातूनच एक समज पक्का झाला की सावळ्या किंवा काळ्या माणसाला त्वचेचा कॅन्सर होतच नाही.

पण मेलॅनोमाचा एक प्रकार उन्हाला विचारतच नाही. तो होतो तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली. नखाच्या मुळाशीही मेलॅनोसाइट असतात, आणि त्यातली एखादी बिघडली की नखात काळा किंवा तपकिरी पट्टा उमटायला लागतो. या जागा शरीराच्या टोकाला असतात, म्हणून नावात ॲक्रल. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी ओळीनं पसरत जाताना दिसतात, ती ठेवण म्हणजे लेंटिजिनस. अमेरिकेतल्या सगळ्या मेलॅनोमांत या प्रकाराचा वाटा जेमतेम २ ते ३ टक्के. पण तिथल्याच काळ्या रुग्णांचा वेगळा हिशोब केला तर तो एक तृतीयांशाच्या आसपास जातो. याचा अर्थ काळ्या लोकांना हा आजार जास्त होतो असा नाही. दोघांनाही तो साधारण सारख्याच प्रमाणात होतो. काळ्या लोकांत उन्हामुळं होणारे बाकीचे प्रकार कमी असल्यानं याचा वाटा मोठा दिसतो, इतकंच. आशियातही मेलॅनोमा मुळात कमी, पण जो होतो त्यात हा प्रकार बराच असतो.

नखाखालचा मेलॅनोमा डॉक्टरांना नवा नव्हता. लंडनच्या जोनाथन हचिन्सन या सर्जननं १८८६ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. त्यानं त्याला काळं नखुरडं म्हणावं असं नाव दिलं, कारण लोक नखुरडं समजूनच त्याच्याकडं येत. नखातला काळा रंग नखाच्या कडेच्या किंवा मुळाच्या कातडीवर उतरला तर सावध व्हायचं, ही खूण आजही हचिन्सनच्या नावानं शिकवली जाते.

मात्र ॲक्रल लेंटिजिनस हा स्वतंत्र प्रकार आहे हे ओळखून रिचर्ड रीड या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं तो मांडला ते साल होतं १९७६. मार्लीचं निदान १९७७. म्हणजे ज्या नावानं आज आपण त्याचा आजार ओळखतो ते नाव तेव्हा पुस्तकात यायचं होतं. मेलॅनोमा ओळखायचे एबीसीडी हे सोपे निकष आज सगळीकडं सांगितले जातात, ते न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडले १९८५ मध्ये. गंमत म्हणजे नखाखाली तेही फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण ते अंगावरच्या तिळासाठी बनवलेले आहेत.

मग नखाखाली ओळखायचं कसं? पहिला प्रश्न असतो, हे साकळलेलं रक्त आहे की रंगद्रव्य. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं. मुळाशी नवं स्वच्छ नख दिसायला लागतं आणि डाग हळूहळू टोकाकडं जातो. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, त्यामुळं धीर धरावा लागतो, पण डाग सरकतो हे नक्की. मेलॅनोमाचा पट्टा सरकत नाही. तो मुळापासून टोकापर्यंत तसाच राहतो आणि रुंद होत जातो. मुळाकडं रुंद, टोकाकडं अरुंद असा दिसला तर तो वाढतोय असं समजायचं. नख चिरतं, उचलतं, त्याखालून रक्त किंवा पाणी येतं, जखम महिनोन्महिने भरत नाही.

घाबरून लगेच सगळी नखं तपासायला बसू नका. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत नखांवर तपकिरी रेघा असणं अगदी साधी गोष्ट आहे. वयानुसार त्या वाढतात आणि बहुतेक वेळा अनेक नखांवर असतात. एकाच नखावर, मोठेपणी नव्यानं आलेली आणि बदलत जाणारी रेघ असेल तर दाखवायचं. अंगठ्याचं नख असेल तर जरा जास्तच लवकर.

आणि शेवटचा शब्द असतो बायोप्सीचा. नखाच्या मुळातला छोटा तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टनं सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय खात्री होत नाही. डोळ्यांनी बघून अनुभवी डॉक्टरही फसतात. हा आजार बुरशी म्हणून, कुरूप म्हणून, न भरणारी जखम म्हणून महिनोन्महिने मलमांवर काढला जातो. तळपायाचा असेल तर अजूनच, कारण स्वतःचे तळवे रोज बघतं कोण?

मार्लीच्या बाबतीत फुटबॉलनं नेमकं हेच केलं. मार लागल्यामुळं असा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. तळपायावर सतत येणाऱ्या दाबाचा काही संबंध असावा का यावर संशोधन चालू आहे, पण एका मॅचमधल्या एका बुटामुळं कॅन्सर झाला असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. पॅरिसच्या मॅचआधी आजार तिथं असणार असंच मानलं जातं. फुटबॉलमुळं एक झालं, की काळ्या नखाला सोयीस्कर कारण मिळालं. त्या कारणावर मार्लीनं विश्वास ठेवला, आजूबाजूच्यांनी ठेवला, आणि त्या भरवशावर किती महिने गेले ते कुणालाच नक्की मोजता येणार नाही.

निदान झाल्यावर लंडनच्या डॉक्टरांनी अंगठा काढायचा सल्ला दिला. त्या काळात नखाखालच्या मेलॅनोमावर हाच ठरलेला उपाय होता. मार्लीनं नाही म्हटलं. श्रद्धेचं कारण होतंच. पण पायाचा अंगठा गेला तर तोल जाईल, स्टेजवरचं नाचणं आणि फुटबॉल दोन्ही बंद होईल, ही भीतीही होती असं त्याच्या जवळच्यांनी नंतर सांगितलंय. कुठलं कारण किती मोठं, यावर चरित्रकारांचं आजही एकमत नाही. वय ३२, अल्बम चार्टवर, समोर अमेरिकेचा दौरा. अशा माणसाला नखाखालच्या डागासाठी अंगठा कापून टाक म्हटल्यावर त्यानं दुसरं मत घेतलं, यात विचित्र काही नाही.

दुसरं मत मिळालं अमेरिकेत, मायामीला. तिथल्या सर्जननी अंगठा ठेवला. नख आणि नखाखालचा भाग काढला आणि मांडीची कातडी काढून तिथं बसवली. अमेरिकेचा दौरा रद्द झाला. काही महिन्यांत पाय बरा झाला.

यावरून आज सोशल मीडियावर मार्लीला सरळ मूर्ख ठरवणारे बरेच सापडतात. त्यांना एक गोष्ट माहिती नसते. नखाखालचा मेलॅनोमा अगदी सुरुवातीचा, पातळ असेल तर आज अनेक ठिकाणी अंगठा न कापता नखाचा पूर्ण भाग काढून कातडी लावायचीच शस्त्रक्रिया करतात. तेव्हा प्रश्न उरतो तो खोलीचा. मेलॅनोमा त्वचेत किती मिलिमीटर खाली उतरलाय यावर सगळं ठरतं. अलेक्झांडर ब्रेस्लोनं ही मोजायची पद्धत १९७० मध्ये मांडली होती, म्हणजे तीही नवीनच. पेशी जांघेतल्या गाठीपर्यंत पोचल्यात का हे बघायची सेंटिनल नोड बायोप्सी आली १९९२ मध्ये. एमआरआय रुग्णालयांत यायचं होतं. १९७७ च्या डॉक्टरांकडं या पेशी शरीरात पुढं गेल्यात की नाही हे कळायचं साधनच फारसं नव्हतं.

त्यामुळं अंगठा कापला असता तर तो वाचला असता का, याचं प्रामाणिक उत्तर शक्यता वाढली असती एवढंच देता येतं. पेशी आधीच रक्तातून निघून गेल्या असतील तर अंगठा काय आणि पाय काय, कापून उपयोग झाला नसता. त्याहून खटकणारी गोष्ट पुढच्या तीन वर्षांची आहे. मेलॅनोमाच्या रुग्णाला दर काही महिन्यांनी तपासणीला बोलावतात, कारण तो परत येतो आणि दूर कुठंतरी येतो. मार्ली त्या तीन वर्षांत दौऱ्यांवर होता.

आणि काय वर्षं होती ती! एप्रिल १९७८ मध्ये किंग्स्टनला परतून त्यानं पंतप्रधान मायकल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेता एडवर्ड सिआगा या हाडवैऱ्यांना स्टेजवर बोलावून एकमेकांचे हात हातात द्यायला लावले. त्याच वर्षाच्या शेवटी पहिल्यांदा आफ्रिकेत पाऊल ठेवलं. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला, त्या मध्यरात्रीच्या सोहळ्यात गायला त्याला बोलावणं होतं. वाद्यं आणि माणसं न्यायचा खर्च त्यानं स्वतः केला. स्टेडियमबाहेर अडलेली गर्दी आत घुसली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो धूर स्टेजपर्यंत आला. थोड्या वेळानं मार्ली परत येऊन गायला. जून १९८० मध्ये मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर त्याला ऐकायला लाखाच्या आसपास लोक होते.

बाहेरून बघणाऱ्याला हा माणूस आजारी वाटण्याचं कारणच नव्हतं. फक्त तो वाळत चालला होता.

१९ आणि २० सप्टेंबर १९८० ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन शो झाले. २१ तारखेच्या सकाळी तो फुटबॉलपटू मित्र ॲलन कोलबरोबर सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेला. धावता धावता शरीर आखडलं आणि तो कोसळला. तपासणीत मेंदूत गाठ सापडली. कॅन्सर मेंदू, फुफ्फुसं आणि यकृतापर्यंत पोचला होता. अंगठ्यापासून डोक्यापर्यंतचा प्रवास तीन वर्षांत, आणि मधे एकदाही कुणाच्या हाती लागला नाही.

फुफ्फुसात कॅन्सर सापडला म्हणून गांजाचं नाव येतं. पण तो फुफ्फुसाचा कॅन्सर नव्हता, तिथं पोचलेल्या मेलॅनोमाच्याच पेशी होत्या.

दोन दिवसांनी, २३ सप्टेंबरला, पिट्सबर्गच्या स्टॅन्ली थिएटरमध्ये शो होता. तो त्यानं केला. तीच शेवटची कॉन्सर्ट. मग उरलेला दौरा रद्द झाला.

न्यूयॉर्कमध्ये रेडिएशन दिलं. तेव्हा पसरलेल्या मेलॅनोमावर डॅकार्बाझिन नावाचं केमोथेरपीचं औषध होतं, पण त्याचा गुण थोड्याच रुग्णांना आणि थोड्याच दिवसांसाठी यायचा. आजची इम्युनोथेरपीची औषधं बाजारात आली २०११ पासून, आणि ॲक्रल प्रकारावर ती आजही बाकीच्या मेलॅनोमाइतकी चालत नाहीत.

याच उपचारांत त्याच्या जटा गेल्या. ज्या केसांना वर्षानुवर्षं कात्री लावली नाही, ते गळू लागले आणि उरलेले कापावे लागले. नोव्हेंबरमध्ये त्यानं इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. नाव मिळालं बरहाने सेलासी.

डॉक्टरांनी हात टेकल्यावर माणूस जिथं जातो तिथं तोही गेला. जर्मनीत बव्हेरियाच्या डोंगरात, एका तळ्याकाठच्या रोटाख-एगर्न गावात योसेफ इसेल्स नावाच्या डॉक्टरचा दवाखाना होता. मुख्य प्रवाहातल्या कॅन्सरतज्ज्ञांना त्याचे उपचार मान्य नव्हते. पथ्याचं खाणं, शरीराची उष्णता वाढवणं, असं बरंच काही. बाहेर बर्फ आणि आत कॅरिबियन बेटावरचा हा माणूस. ३६ वा वाढदिवस तिथंच झाला. वजन उतरत गेलं. आई सेडेला सोबत होती.

मे १९८१ मध्ये इसेल्सनंही आता उपाय नाही असं सांगितलं. मार्लीला जमैकाला घरी जायचं होतं. विमान निघालं, पण वाटेत तब्येत इतकी ढासळली की मायामीलाच उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं. ११ मे १९८१ ला तो तिथं गेला. वय वर्षं ३६. मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यामुळं इस्टेटीवरून पुढं अनेक वर्षं कोर्टात भांडणं चालली.

आता सीआयएचं काय? गोष्ट अशी फिरते की १९७६ च्या गोळीबारानंतर कुणीतरी त्याला बूट भेट दिले, त्यात तांब्याची तार होती, ती अंगठ्याला टोचली आणि कॅन्सर झाला. तार टोचून मेलॅनोमा होत नाही. २०१७ मध्ये एका वेबसाइटनं याला फोडणी दिली. मरणपंथाला लागलेल्या सीआयएच्या माजी अधिकाऱ्यानं मार्लीला मारल्याची कबुली दिली, अशी बातमी छापली. तो अधिकारी कुणाला सापडला नाही आणि बातमी बनावट निघाली. तरी दरवर्षी मे महिन्यात ती कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरत येतेच.

२१ मे १९८१ ला किंग्स्टनमध्ये त्याला सरकारी इतमामात निरोप दिला गेला. भाषण केलं सिआगानं. तीन वर्षांपूर्वी स्टेजवर ज्याचा हात मार्लीनं वर धरला होता तो आता पंतप्रधान झाला होता. मग शवपेटी नाईन माईलला निघाली. डोंगरातल्या त्या रस्त्यावर मैलोन्मैल लोक उभे होते. ज्या टेकडीवर तो जन्मला तिथंच त्याला ठेवलं, सोबत त्याची गिटार आणि बायबल.